शिबिराच्या जागेला रिसॉर्टचा भाव

लहानपणी आमच्या घरात 'कॅम्पला चाललोय' म्हटलं की आई आधी विचारायची, कुठल्या कॅम्पला? कारण बेळगावात कॅम्प म्हणजे लष्कराचा कॅम्प, मराठा लाइट इन्फंट्री, मोठाली झाडं, शांत रस्ते, कॉन्व्हेंट शाळा, नाताळात बेकरीसमोर लागणारी लाईन. आणि दुसरा कॅम्प आमचा, मे महिन्यातला, खानापूरच्या पुढं जंगलाच्या कडेला मिशनच्या जागेत पाच दिवस भरणारा ख्रिस्ती कॅम्प, ज्याला जाताना पत्र्याच्या ट्रंकेत चादर, ताट-वाटी-तांब्या, बॅटरी, बायबल नि दोन किलो तांदूळ घालून द्यायचे. तांदूळ फीमध्येच धरायचे. कुणाच्या घरचे वासाचे यायचे, कुणाच्या घरचे रेशनचे, स्वयंपाकाची मावशी सगळे एकाच पिंपात ओतायची नि म्हणायची, आता काढा बघू शोधून कुणाचा कुठला.

त्या दुसऱ्या कॅम्पबद्दल लिहितोय, कारण त्या जागेवर आता प्रस्ताव आलाय. तीस वर्षांची लीज, रिसॉर्टसाठी. गेल्या काही वर्षांत जांबोटी-चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याला गेला असाल तर मी काय म्हणतोय ते कळेल, वळणावळणाला पाटी, कॉटेज, स्विमिंग पूल, आणि एका पाटीवर तर मी 'रेन डान्स' वाचलंय. जिथं जूनपासून चार महिने आभाळ फाटलेलं असतंय तिथं पैसे देऊन रेन डान्स. असो, ज्याचे पैसे त्याचा पाऊस.

आधी लीजच्या बाजूनं जे बोलतात त्यांचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते लोक वाईट नाहीत, जागा सांभाळणाऱ्या कमिटीतले दोघं तर कॅम्पात माझ्याबरोबर त्याच चटईवर झोपलेत. ते म्हणतात वर्षातले तीसेक दिवस सोडले तर जागा रिकामी असते. वॉचमनचा पगार, लाईट बिल, कंपाउंड दर पावसात कुठंतरी ढासळतंय, आणि छप्पर. आमच्या हॉलवर मंगळुरी कौलं आहेत, जुनी. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला नि तिथनं ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर नि घाटावर पसरली, म्हणजे एका मिशनचं कौल दुसऱ्या मिशनच्या डोक्यावर, ऐकायला छान वाटतंय, पण वानरं उड्या मारतात तेव्हा त्यातली पाच-पन्नास फुटतात नि आता कौलं शाकारणारा माणूसच मिळत नाही. पूर्वी बाहेरून मदत यायची. परदेशी देणग्यांवरच्या २०१० च्या एफसीआरए कायद्यात २०२० च्या सप्टेंबरात दुरुस्ती झाली, एका संस्थेनं घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला देणं बंद, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेतच, त्यामुळं मोठ्या संस्थेच्या ओंजळीतनं पाणी पिणाऱ्या आमच्यासारख्या बारक्या जागांचा नळच बंद झाला. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही.

मला खटकलं ते रिसॉर्टवाल्यांचं प्रेझेंटेशन. त्यात एक स्लाईड होती 'हेरिटेज' नावाची. जुनी प्रार्थनेची खोली पाडणार नाहीत, उलट पॉलिश करून ठेवणार, भिंतीवर मिशनऱ्यांचे जुने फोटो तांबूस रंगात फ्रेम करून लावणार, बाजूला कॉफी शॉप. आणि आमचीच माणसं माना डोलवत होती, की बघा वारसा पण जपला नि पैसे पण आले. मला वाटलं हीच खरी गोची आहे, वारसा म्हणजे काय हेच आपल्याला कुणी धड सांगितलेलं नाही, म्हणून कुणीही येऊन फ्रेम दाखवली की आपण खूश.

आमच्याकडं मिशनचा इतिहास सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात सुरू झालं, जोसेफ टेलर आले, मग बेनन, ज्यांच्या नावाची शाळा आजही आहे, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम अमेरिकन मेथडिस्टांकडं, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच एका पंथाकडं गेलं, हे झालं की टाळ्या. साहेब कधी आला, दगड कधी बसवला. या पद्धतीनं इतिहास सांगितला की शेवटी हातात दगडच राहतात, आणि दगडाला भाव असतोच.

पण कॅम्प ही गोष्टच मुळात इमारत नसलेल्या लोकांची आहे. १८०१ मध्ये अमेरिकेत केंटकीच्या केन रिज गावात शेतकरी बैलगाड्या-घोडागाड्या घेऊन आले, घरं लांब लांब, रोज जाऊन-येऊन जमणार नाही म्हणून तिथंच मुक्काम ठोकला, दिवसचे दिवस प्रवचन, गाणी, तिथंच स्वयंपाक. पुढं मेथडिस्टांनी ती पद्धतच उचलली. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, अखंड हरिनाम सप्ताहाचा मांडव बघितलेल्या माणसाला हे चटकन कळतंय. आमच्याच घराण्यात पणजोबांपर्यंत वारी होती. पायी चालायचं, मुक्कामाला जे मिळेल ते सगळ्यांनी मिळून खायचं, रात्री भजन, सकाळी पुढं. ख्रिस्ती झाल्यावर वारी सुटली पण मुक्कामाची ती सवय गेली नाही असं माझा चुलता म्हणायचा नि मला ते पटतंय.

आणि एक गोष्ट आपल्या भागातल्या फार थोड्या ख्रिस्ती लोकांना माहितीय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. हा पोरगा शिकायला अमेरिकेत गेला नि १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथं कॉलेजच्या मुलांचं एक शिबिर भरलं त्याला गेला. डी. एल. मूडी या अमेरिकन धर्मप्रचारकानं बोलावलेलं, अडीचशेच्या आसपास मुलं, जवळजवळ महिनाभर. बायबलचा अभ्यास, पोहणं, खेळ, गप्पा, आणि त्या गप्पांतनं रॉबर्टनं नि त्याच्या दोस्तांनी असा विषय पेटवला की शिबिर संपताना शंभर मुलांनी परदेशात सेवेला जायची तयारी दाखवली. त्यातनं १८८८ मध्ये स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट उभी राहिली नि पुढं हजारो डॉक्टर, मास्तर, नर्सेस जगभर गेले. म्हणजे ज्या चळवळीनं आपल्याकडं मिशनरी पाठवले त्या चळवळीची एक काडी कोल्हापुरात जन्मलेल्या पोरानं ओढली होती, आणि ती ओढली कुठं, तर शिबिरात, झाडाखाली, रिकाम्या वेळात. तिथं दगड बसवायला कुणी गेलं नव्हतं.

मराठीतलं उदाहरण पाहिजे तर नारायण वामन टिळक. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगायचे. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही त्यात यावेत ही कल्पना. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले, दरबार वाढायच्या आतच. पण त्यांचे अभंग आजही खानापूरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, टाळ-मृदंगावर चालतात. फ्रेम कुणाची करणार सांगा.

आता माझ्यासाठी वारसा कुठं आहे ते सांगतो. भांडी घासायच्या दगडावर.

कॅम्पच्या पहिल्या रात्री सगळी पोरं आपापल्या घोळक्यात बसायची. खानापूर-बेळगावकडची मराठी एका बाजूला, बैलहोंगल-गोकाककडची कन्नड दुसऱ्या बाजूला, दोन-चार कोकणी बोलणारी कॅथलिक पोरं कुणाच्यातरी ओळखीनं आलेली ती मधेच कुठंतरी. हे कशामुळं ते इथल्या माणसाला सांगायला नको. ज्या जिल्ह्यात १९५६ पासून दर १ नोव्हेंबरला एका गल्लीत काळा दिवस नि दुसऱ्या गल्लीत राज्योत्सव असतो तिथली पोरं आहेत ती, घरात ऐकलेलं सोबत घेऊनच येणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीच्या चिठ्ठ्या निघायच्या. माझी चिठ्ठी एका वर्षी बैलहोंगलच्या पोराबरोबर निघाली, आमटीचा टोप घासायचा, आम्ही दोघं बसू शकू एवढा मोठा, बुडाला डाळ करपून चिकटलेली. त्याला मराठी येत नव्हती, मला कन्नड शाळेपुरतं, म्हणजे परीक्षेपुरतं. तो काथ्या दाखवून म्हणाला 'बूदी'. मला कळेना. मग त्यानं चुलीकडं बोट केलं, राख. मी राख आणली, त्यानं 'नीरू' म्हटलं, हे कळलं, पाणी ओतलं, तो ओरडला 'साकू, साकू', तोवर मी सगळी राख वाहवून सोडली होती. दोघं हसून हसून टोपात पडायचं बाकी. पाच दिवसांत माझं कन्नड शाळेतल्या पाच वर्षांपेक्षा जास्त सुधारलं, आणि त्याला बेळगावी मराठीतल्या ज्या शिव्या येऊ लागल्या त्या मी शिकवल्या नव्हत्या एवढंच सांगतो. शेवटच्या रात्री एकच चाल, एक कडवं मराठीत, एक कन्नडमध्ये, दोन्हीकडची पोरं दोन्ही कडवी म्हणायची, उच्चार सगळे चुकीचे.

सीमाभागात अशी जागा दुसरी कुठली आहे मला दाखवा. सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा पडलाय, दोन्ही सरकारं एकमेकांच्या बसेसना काळं फासल्यावर निषेध नोंदवतात नि चार दिवसांनी परत बसेस चालू होतात, पण मराठी नि कन्नड पोरांना एकाच टोपाला लावणारी जागा कुणी बांधत नाही. ही एक आहे, ती आपण रिसॉर्टवाल्याला देणार?

आता यावर एकानं मला मीटिंगमध्येच ऐकवलं, की तू फार रोमँटिक बोलतोस, कॅम्पमध्ये सगळं काय गोडच होतं काय? नव्हतं. ते पण लिहितो, नाहीतर मीच फ्रेम लावतोय असं होईल. एका वर्षी पाण्याची जबाबदारी माझ्यावर होती, तेव्हा मी कॉलेजात होतो, विहिरीचं पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून उकळायचा कंटाळा केला नि तिसऱ्या दिवशी अठरा पोरं पोट धरून आडवी. खानापूरहून डॉक्टर आणावा लागला, दोघांना सलाईन. त्या पोरांच्या आयांनी मला काय काय ऐकवलं ते बरोबरच होतं. साधेपणा म्हणजे निष्काळजीपणा नव्हे हे मला तेव्हा कळलं, आणि कमिटीतले लोक जेव्हा संडास, फिल्टर, वायरिंग यांची चिंता करतात तेव्हा मी त्यांच्या बाजूचाच असतो.

दुसरं दुखणं जास्त अवघड. शेवटच्या रात्रीची शेकोटी. दिवे बंद, हळू आवाजात गिटार, वक्ता आवाज कापरा करून विचारणार, आज रात्री तुझं मन कुणाला देणार? पंधरा वर्षांची दमलेली, झोप न झालेली पोरं, घरची आठवण आलेली, ती रडणारच. मी लागोपाठ चार वर्षं हात वर करून समर्पण केलंय, चौथ्या वर्षी पाळकसाहेबच म्हणाले, अरे तू मागच्या वेळी पण केलास की. हसायचं सोडा, पण हे बंद व्हायला पाहिजे. पोरांना विचार करायला, प्रश्न विचारायला, गप्प बसायला जागा देणं ही सेवा, त्यांना रडवून आकडा काढणं नि तो रिपोर्टात घालणं हे मार्केटिंग. कॅथलिक लोकांच्या रिट्रीटमध्ये मौनाला जो मान आहे तो आम्ही प्रोटेस्टंटांनी थोडा उसना घ्यावा असं मला फार दिवस वाटतंय, आमच्याकडं पाच मिनिटं शांतता झाली की कुणीतरी कोरस सुरू करतो.

आणि धर्मांतराचा मुद्दा टाळून हा लेख पूर्ण होणार नाही. २०२१ च्या डिसेंबरात इथंच बेळगावात, सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन चालू असताना विधानसभेनं धर्मांतरबंदीचं विधेयक मंजूर केलं, २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला, २०२३ च्या जूनमध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं. त्या डिसेंबरात आमचं नाताळचं युवा शिबिर आम्हीच आवरतं घेतलं, कुणी सांगितलं नव्हतं, भीती होती. आमच्यातले बरेच लोक म्हणतात गेट बंद ठेवा, बोर्ड लहान करा, कुणाच्या डोळ्यावर येऊ नका. मी उलट म्हणतो. गेट सताड उघडं ठेवा. आमच्यात लपवण्यासारखं काय आहे, आमटी-भात नि गाणी? घटनेच्या २५ व्या कलमानं जो हक्क दिलाय तो दबक्या आवाजात वापरायचा नसतो. पण त्याचबरोबर एक नियम लेखी पाहिजे: कुठल्याही पोराला आई-बापाच्या सहीशिवाय घ्यायचं नाही, आणि दुसऱ्या धर्मातल्या पोराला कुणी 'चल मज्जा असते' म्हणून गुपचूप आणायचं नाही. आमच्यातल्या काही उत्साही लोकांना हे आवडणार नाही. नको आवडू दे. स्वतःच्या पोराबद्दल आपण जे सहन करणार नाही ते दुसऱ्याच्या पोराबद्दल करू नये, बस.

उघडं गेट म्हणजे काय हे मी एकदा बघितलंय. पावसाचे दिवस, आषाढीच्या आधीचे, एक लहानशी दिंडी आमच्या रस्त्यावर अडकली, ओढ्याला पाणी, पुढं जाता येईना. वॉचमननं कुणालाही न विचारता हॉल उघडून दिला. फोन करून मग सांगितलं. रात्रभर हरिपाठ, टाळ, नि आमच्या हॉलच्या भिंतीवर क्रूस. सकाळी मी गेलो तर हॉल आमच्या पोरांनी कधी झाडला नसेल इतका स्वच्छ, कोपऱ्यात चपला नीट लावून ठेवलेल्या नि एक म्हातारा कौलांकडं बघून सांगत होता, ह्या बाजूला तीन फुटल्यात, बदलून घ्या. कमिटीत नंतर दोन आवाज निघाले, परवानगी कुणी दिली म्हणून. मला विचाराल तर त्या जागेच्या इतिहासात लिहायची ती रात्र आहे, पण स्लाईडवर ती नव्हती.

राहिला पैसा. ऐंशी पोरं, पाच दिवस, साधं जेवण पोरामागं दिवसाला एकशेवीस धरलं तर अठ्ठेचाळीस हजार होतात. वर प्रवास, औषधं, जनरेटरचं डिझेल, कागद-पेन, सगळं मिळून ऐंशी हजारांत बसतंय, मी हिशेब केलाय. आमच्या भागातल्या अकरा मंडळ्यांनी वर्षाला दहा-दहा हजार दिले तर एक लाख दहा हजार, म्हणजे कॅम्प होऊन वर कौलांना तीस हजार शिल्लक. एका मंडळीला दहा हजार जड आहेत असं ज्यांना वाटतंय त्यांनी आपल्यातल्या शेवटच्या लग्नात नुसत्या स्टेजच्या फुलांना किती गेले ते आठवावं. उरलेल्या दिवसांत जागा शेजारच्या गावच्या शाळेला, बचत गटांच्या ट्रेनिंगला, दुसऱ्या मंडळ्यांना, दुसऱ्या धर्माच्या लोकांनाही, परवडेल अशा भाड्यानं द्या, फक्त दारू नि डीजे नको. हिशेबाचा कागद मराठीत नि कन्नडमध्ये दोन्ही भाषांत नोटीस बोर्डवर लावा. आत्तापर्यंत तो कधी लागलेला नाही, आणि लोक वर्गणी का देत नाहीत याचं निम्मं उत्तर त्या रिकाम्या बोर्डात आहे.

लीजवाले म्हणतील तीस वर्षांनी जागा परत आपलीच. हो, पण तीस वर्षांत पोरांच्या दोन पिढ्या तिथं न जाता मोठ्या होतील. मग परत मिळालेल्या जागेत कॅम्प कसा लावायचा, चिठ्ठ्या कशा काढायच्या, ऐंशी जणांच्या आमटीला मीठ किती, हे कुणाला येणार? आज हे सगळं एका मावशीच्या डोक्यात आहे, बाजूच्या गावची, घरात दत्ताचा फोटो, आमच्या पाळकांपेक्षा जास्त वर्षं या कॅम्पची सेवा केलेली. तिचं नाव आमच्या एकाही रिपोर्टात नाही.

तिचा परवा फोन आला. मीटिंगमध्ये काय ठरलं विचारत होती. मी म्हटलं अजून काही ठरलं नाही गा मावशी, पुढच्या महिन्यात परत बसणार आहेत. ती म्हणाली तुमचं ठरेपर्यंत तांदळाचा दर वाढून बसतंय, मी आत्ताच घेऊन ठेवू काय नको तेवढं सांग. मी घे म्हणालो. ऐंशी पोरं धरून एक क्विंटल.